बिनपातीचा पाहुणा

इंदुरातल्या जुन्या मराठी घरात पहिल्यांदा गेलात तर चहाच्या आधी चौकशी येते. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, रामबागेतले की नारायण बागेतले, आजोळ कुणाकडचं आणि शेवटी खरा प्रश्न : आजोबा दरबारात कोणत्या खात्यात होते? तुम्ही गेल्याच महिन्यात पुण्याहून बदलीवर आलेले बँकेतले अधिकारी असलात तरी सुटका नाही. तुमचे आजोबा सासवडला शाळामास्तर होते हे कळल्यावर समोरचे दादासाहेब "असू दे, असू दे" म्हणून तुमचं सांत्वन करतात, क्षणभर डोळे मिटतात आणि मनातल्या मनात तुमची जागा मुक्रर करतात. गादीच्या उजवीकडे, डावीकडे, की थेट चोपदाराच्या मागे. मग चहा येतो. कप कोणत्या कपाटातला आहे यावरून आपली जागा कुठे लागली ते जाणकाराला कळतं.

होळकरांचं इंदूर संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झालं. तनखे १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेले. बैठकीचा हा नकाशा मात्र कुठल्याच घटनादुरुस्तीच्या हाती लागलेला नाही.

त्याला कारण आहे. १८१८ साली मंदसौरचा तह झाला आणि होळकरांच्या लढाया संपल्या. तलवारी भिंतीवर गेल्या, सरदार घरी बसले. घरी बसलेला सरदार काय करणार? कोण कुणाच्या आधी बसलं ते पाहणार. पुढची सव्वाशे वर्षं माळव्यात जी रणं झाली ती गादी, लोड, विडा आणि अत्तरदाणी यांवरून. कुणाला ताजीम, कुणाला नुसता मुजरा. कुणाला विडा हातात, कुणाला तबकात. इंग्रजांनी ही आवड बरोबर हेरली आणि तिला खतपाणी घातलं. इंदूरला १९ तोफांची सलामी, देवासला १५. तोफा उरल्या त्या मोजण्यापुरत्या.

मागे नात्यातल्या एका लग्नात हा नकाशा चालू अवस्थेत पाहायला मिळाला. कार्यालयात पहिल्या रांगेला मोजके सोफे आणि हक्कदार भरपूर. मुलाच्या चुलत आजोबांना सोफा मिळाला, मामेआजोबांच्या वाट्याला पांढरी प्लास्टिकची खुर्ची आली. मामेआजोबांनी खुर्चीला हात लावला नाही. पहिली मंगलाष्टकं त्यांनी उभ्याने ऐकली आणि "सावधान" झाल्याबरोबर, प्रकृती बरी नसल्याचं सांगून, गाडी मागवली. हातातल्या अक्षता त्यांनी टाकल्या नाहीत, शेजारच्या पोराच्या हातात दिल्या. निषेध कसा नोंदवावा हे या पिढीकडून शिकावं. तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या कंपनीतला एक तरुण जर्मन आला. कुडता उलटा घातलेला, कपाळावरचं गंध नाकापर्यंत उतरलेलं. मामेआजोबांनी त्याला दंडाला धरलं, थेट मधल्या सोफ्यावर नेऊन बसवलं, स्वतः शेजारी बसले, गाडी परत पाठवली आणि तासभर त्याला वंशावळ सांगितली. "ही वॉज विथ मल्हारराव, यू नो!" मुलगा मान डोलावत होता. चुलत आजोबांनीही सरकून जागा दिली, वर आपल्या शाखेची दुरुस्ती सांगितली. कुणाचा अपमान झाला नाही, कुणी रुसलं नाही, पंगत वेळेवर बसली.

हाच सोफा धाकट्या साडूंना दिला असता तर दोन घरांची बोलाचाली आजतागायत बंद असती. जर्मन मुलाचं तसं नव्हतं. त्याला आजोबाच नव्हते. म्हणजे असतील, पण आमच्या नकाशात नव्हते.

माळव्यातल्या राजेलोकांच्या गोऱ्या दोस्तांबद्दल विद्वान लोक जाडजूड पुस्तकं लिहितात. त्यांत साम्राज्यवाद असतो, आधुनिकता असते. असेलही. माझ्या मते सगळं मर्म त्या सोफ्यात आहे. राजाला मित्र मिळणं फार कठीण. भोवतालचा प्रत्येक माणूस एक तर भाऊबंद, नाही तर मानकरी, नाही तर येणं मागायला आलेला. भाऊबंदाशी मनातलं बोलावं तर ते दुसऱ्या दिवशी खटल्यात येतं. मानकऱ्याशी बोलावं तर दुसरा मानकरी विचारतो, "आमच्याशी का नाही बोललात?" या तिन्हींतून सुटलेला माणूस त्या काळी फक्त बोटीने येत असे.

याचं सर्वांत सुरेख उदाहरण इंदूरपासून पस्तीसेक किलोमीटरवर आहे. देवास. तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू १७२८ च्या सुमाराला तिथे स्थिरावले आणि पुढे राज्याच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. भावांत वाटणी होणं काही नवं नाही. पण देवासात गावच मधोमध वाटलं गेलं. रस्त्याच्या एका बाजूला थोरल्यांचं राज्य, दुसऱ्या बाजूला धाकट्यांचं. राजे दोन, दरबार दोन, कारभारी दोन. थोरल्या पातीचा सगळा मुलूख जेमतेम साडेचारशे चौरस मैल, तोही धाकट्या पातीच्या मुलखात इथे तिथे विखुरलेला. माताजीच्या टेकडीचीसुद्धा वाटणी. टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. गावात सांगतात की त्या बहिणी आहेत आणि त्यांचंही एकदा बिनसलं होतं. म्हणजे हवेतच काही असावं.

अशा गावात थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव तिसरे वाढले. (त्याच वेळी इंदूरच्या गादीवर जे होळकर होते तेही तुकोजीराव तिसरेच. रेसिडेन्सीतल्या कारकुनांनी दोघांच्या फायली कशा सांभाळल्या असतील, कोण जाणे.) १९०७ साली राजे १९ वर्षांचे असताना इंग्रज सरकारने त्यांना एक शिक्षक नेमून दिला. माल्कम डार्लिंग, वय २६-२७, केंब्रिजचा, सनदी नोकर. सरकारचा हेतू असा की मुलाला शिस्त लागावी. झालं असं की दोघांची गट्टी जमली. ज्याला पाती नाही, ज्याचा काका कोर्टात गेलेला नाही, ज्याची आत्या हळदीकुंकवाच्या मानावरून रुसलेली नाही, असा माणूस राजांना जन्मात पहिल्यांदा भेटला होता. ही मैत्री आयुष्यभर टिकली. हा डार्लिंग पुढे पंजाबात गेला आणि तिथल्या शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर त्याने १९२५ साली एक ग्रंथ लिहिला. त्या विषयावर तो अजून प्रमाण मानतात. थोरल्या पातीचं देणंघेणं जवळून पाहिलेल्या माणसाला पंजाबी शेतकऱ्याचं कर्ज फारच आटोपशीर वाटलं असणार.

डार्लिंगच्या ओळखीने १९१२ च्या नाताळात देवासला आणखी एक पाहुणा आला. एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर. वय ३३, भिडस्त, लग्न नाही, चार कादंबऱ्या नावावर आणि पाचवी सुचत नाही. आईला नियमित पत्रं लिहिणारा मुलगा. राजांना तो भलताच आवडला. एका मेजवानीला राजांनी त्याला आपल्याकडचा पोशाख चढवला आणि पाटावर बसवला. पाहुण्याने ताटाचं चित्र काढून, पदार्थांना आकडे घालून, प्रत्येकाची चव आईला कळवली. नावं त्याला ठाऊक नव्हती. तेव्हा लाडू झाला टेनिसचा तपकिरी चेंडू आणि जिलेबी झाली सोनेरी वेटोळी. इंदूरचा माणूस सकाळी पोह्यांबरोबर जे खातो त्याचं असं वर्णन वाचून मला आधी हसू आलं, मग जरा वाईट वाटलं. कारण त्या पंगतीत बसलेल्या एकाही देवासकराने त्या ताटात काय काय होतं ते लिहून ठेवलेलं नाही. ताट कुणाच्या आधी वाढलं ते मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं असेल.

नऊ वर्षांनी राजांचे नेहमीचे गोरे चिटणीस, कर्नल लेस्ली नावाचे, प्रकृतीमुळे रजेवर गेले. राजांनी फॉर्स्टरला बोलावून घेतलं. आता राजे 'महाराज' झाले होते आणि फॉर्स्टर बेचाळिशीचा. त्याला हिशेब येत नव्हता, मराठी येत नव्हतं, कारभाराचा अनुभव शून्य. म्हणजे निवड अचूक होती. ज्याला काही येत नाही तो कुणाच्या पोटावर पाय देत नाही.

कामं काय, तर बाग, मोटारी, पाहुण्यांचा बंगला आणि विजेचं घर. विजेच्या घरात वीज फारशी नव्हती. नवा वाडा बांधायला काढला होता तो पुरा होत नव्हता. एका बाजूला भिंत चढत होती, दुसऱ्या बाजूला उतरत होती. वाड्यात दोन पियानो होते, पेटी होती. सगळं नवं आणि माळव्याच्या कोरड्या हवेने तडकून मुकं झालेलं. विलायतेहून मागवलेल्या सामानाची खोकी पडून. पैसे देऊन मागवलेलं सामान खोक्यातच ठेवणं याला आमच्याकडे अजून तरी कुणी वेडेपणा म्हणत नाही. माझ्या आत्याच्या घरी तिच्या लग्नातला डिनर सेट अजून पेंढ्यात आहे. "चांगलं कुणी आलं की काढू" असं ती म्हणते. आम्ही पन्नास वर्षं जातोय.

त्या काळी संस्थानी दरबारात नोकरी करणारा इंग्रज ही इंग्रजांच्या लेखी अडचणीची गोष्ट होती. साहेबाने साहेबाच्या हाताखाली काम करावं. एकदा समारंभात इंग्रज सरकारच्या पोलिटिकल एजंटाने फॉर्स्टरकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. फॉर्स्टरला त्याचं काहीच वाटलं नाही. महाराज मात्र पेटून उठले. आपल्या माणसाचा अपमान! निषेधाची लिखापढी सुरू झाली. मला या प्रसंगात महाराज फार जवळचे वाटतात. राज्याची तिजोरी रिकामी, वाडा अर्धवट, सासर कोल्हापूरचं आणि राणीसाहेब तिकडेच निघून गेलेल्या. शाहू महाराजांच्या कन्या त्या. म्हणजे भांडणही साधंसुधं नव्हे. या सगळ्यांत महाराजांना नेमकं करता येण्यासारखं एकच काम होतं : मानाचा प्रश्न उपस्थित करणं. तेवढं त्यांनी मनापासून केलं. आणि मजा अशी की ज्याला मानाच्या यादीत नाव नाही म्हणून जवळ केला त्यालाच शेवटी यादीत घातला. राहवत नाही आम्हाला.

मग आली गोकुळअष्टमी. १९२१ चा ऑगस्ट. देवासात हा उत्सव आठ-दहा दिवस चाले आणि महाराज तेवढे दिवस जुन्या वाड्यात मुक्कामाला जात. मांसमच्छर बंद, पायात वहाणा बंद. फॉर्स्टर अनवाणी, डोक्याला पागोटं, गळ्यात हार. एकीकडे भजन, दुसरीकडे बँड, बाहेर हत्ती, आणि हे सगळं एकाच वेळी, कुणी कुणासाठी न थांबता. महाराज स्वतः टाळ घेऊन देवापुढे नाचत. कर्जाची नोटीस, कोल्हापूरची पत्रं, एजंटाची खप्पामर्जी, सगळं उंबऱ्याबाहेर. शेवटी मातीचं गोकुळ वाजतगाजत तळ्यावर नेऊन विसर्जन. ज्याचा कुठल्याच देवावर विश्वास नव्हता असा तो केंब्रिजचा मनुष्य त्या गर्दीत घामाने भिजून उभा होता. गोंगाटाने त्याचं डोकं उठलं, पण महाराजांची भक्ती खरी आहे हे त्याने ओळखलं. दरबारातल्या किती जणांनी ओळखलं होतं, सांगता येत नाही. ते आपण देवापासून कितव्या हातावर उभे आहोत ते पाहत असावेत.

अडलेली पाचवी कादंबरी त्यानंतर सुटली. 'अ पॅसेज टु इंडिया' १९२४ साली आली आणि जगभर गाजली. मराठी माणसाने ती वाचावी अशी माझी शिफारस आहे, आणि कारण साहित्यिक नाही. त्यात एक प्राध्यापक आहेत, नारायण गोडबोले. दख्खनी ब्राह्मण, गोरे, घाऱ्या डोळ्यांचे, डोक्याला जांभळट पागोटं (फॉर्स्टरला ते मॅकरोनीसारखं वाटलं). चहाला बोलावलं तर सगळ्यांपासून जरा अंतरावर बसून पोटभर खाणारे, आणि महत्त्वाचं काही विचारलं की भलतंच उत्तर देणारे. आपल्या ओळखीत असे किमान दोन गोडबोले निघतील, आडनाव काही का असेना. कादंबरीचा तिसरा भाग उघडतो तो थेट तुकाराममहाराजांच्या गजराने. लंडनच्या वाचकांनी त्याचा काय अर्थ लावला असेल देव जाणे. इंदूर-देवासच्या कुठल्याही विठ्ठलमंदिरात तो आजही ऐकू येतो आणि कुणाला कोडं पडत नाही.

महाराजांची अखेर चांगली झाली नाही. घर फाटलं, कर्ज वाढलं, इंग्रज मागे लागले. शेवटी ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले आणि १९३७ साली तिथेच वारले. भाऊबंद आपापल्या पातीत राहिले. महाराजांची बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं ते फॉर्स्टरने, १९५३ साली. त्याचं नाव त्याने देवीच्या टेकडीवरूनच ठेवलं, 'द हिल ऑफ देवी'. त्यात जास्त करून आईला आणि मित्रांना लिहिलेली जुनी पत्रं आहेत.

आता घरचं, म्हणजे इंदूरचं. आमचे होळकर देवासच्या मानाने भक्कम श्रीमंत, तेव्हा पाहुणेही तालेवार. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार साठी उलटलेला असताना आला आणि १९१८ साली शहरावर दोन खंडांचा अहवाल देऊन गेला. खरं तर तो या लेखात बसत नाही. पण त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय इंदूरकराला पुढे जाता येत नाही. शहरात प्लेग होता. गेडिसने होळकरांकडून एक दिवसाचं राजेपण मागून घेतलं आणि दिवाळीत जंगी मिरवणूक काढली. तीत उंदराचा अजस्र पुतळा. ज्या मोहल्ल्यातली घरं झाडूनपुसून स्वच्छ, त्या मोहल्ल्यातून मिरवणूक जाणार. इंदूरकर बरोबर ओळखले होते त्याने. प्लेगच्या भीतीने जो झाडू उचलला गेला नसता तो "त्यांच्या दारावरून गेली, आपल्या दारावरून का नाही?" या काळजीने उचलला गेला. २०१७ ते २०२३ स्वच्छतेच्या पाहणीत आमचं शहर सतत पहिलं आलं, त्यामागेही मला हीच काळजी दिसते.

१९२५ च्या जानेवारीत मुंबईच्या मलबार हिलवर बावला नावाच्या गृहस्थाचा खून झाला, त्याचे धागे इंदुरात पोचले आणि तुकोजीराव होळकरांना १९२६ च्या फेब्रुवारीत गादी सोडावी लागली. गादी सोडल्यावर त्यांनी सिएटलच्या नॅन्सी मिलर या विशीतल्या मुलीशी लग्न ठरवलं, आणि माझा सोफ्याचा सिद्धांत इथे कसाला लागतो. मित्र म्हणून परदेशी माणूस चालतो, कारण तो यादीबाहेर असतो. सून म्हणून आणायचं तर यादीत घालणं आलं. यादीत घालायचं तर आधी जात हवी, आणि सिएटलमध्ये ती मिळत नाही. मग नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हातून तिचा धर्म बदलला, एका धनगर घराण्याने तिला दत्तक घेतलं, नाव शर्मिष्ठादेवी झालं आणि मार्च १९२८ मध्ये नर्मदाकाठी बडवाहला लग्न लागलं. एवढं झाल्यावर ती परदेशी राहिली नाही. म्हणजेच, माझ्या हिशेबाने, आता तिलाही कोण कुठे बसलं याकडे पाहणं भाग होतं.

तिच्या सावत्र मुलाने, यशवंतरावांनी, वेगळी वाट काढली. वडिलांनी गादी सोडली तेव्हा ते १७ वर्षांचे. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची एकार्ट मुथेसिउस या जर्मन तरुणाशी ओळख झाली. १९०४ चा जन्म, बाप नामांकित वास्तुकार, स्वतःच्या नावावर फारसं काही बांधलेलं नाही. दोघांच्या वयाची बेरीज पन्नाशीच्या आत. त्या वयात मित्र मित्राला फार तर सायकल देतो. यशवंतरावांनी राजवाडा दिला. माणिकबाग. १९३० ते १९३३ या काळात तो बांधून सजला. दारं-खिडक्या जर्मनीहून, गालिचे आणि कपाटं पॅरिसहून, सगळं मुंबई बंदरात उतरून माळव्यात. काच आणि धातूचे पलंग, थंड हवेची यंत्रं, वाचनाच्या खोलीत लाल खुर्च्या आणि त्या खुर्च्यांतच बसवलेले दिवे.

या वाड्याचे फोटो मी पुन्हापुन्हा पाहतो ते एका गोष्टीसाठी. त्यात गादी नाही. लोड नाहीत. चोपदार कुठे उभा राहील तेही कळत नाही. आयुष्यभर गादीच्या उजव्या हाताला बसलेले मानकरी या खोलीत पहिल्यांदा शिरले असतील तेव्हा त्यांनी काय केलं असेल? खुर्च्या सगळ्या सारख्या. दिवा लागणाऱ्या खुर्चीच्या कोणत्या बाजूला बसलं म्हणजे मान राहतो याचा निवाडा कुठल्याही बखरीत नाही. शतकभराची भांडणं एका पंचविशीतल्या पोराने फर्निचर बदलून मिटवली. निदान त्या खोलीपुरती. त्याला आपण असं काही केलं याचा पत्ताही नसेल, तो आपला चांगला उजेड कसा पडेल ते पाहत होता.

पुढे युरोपातला थोर शिल्पकार ब्रांकुशीही इंदूरला आला, १९३८ च्या सुरुवातीला. यशवंतरावांनी त्याच्याकडून पक्ष्याची तीन शिल्पं घेतली होती आणि त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधायचं ठरत होतं. पण आदल्या वर्षी त्यांच्या महाराणी संयोगितादेवी ऐन तारुण्यात गेल्या होत्या. महाराजांचं मन कशात नव्हतं. मंदिर झालं नाही, शिल्पकार परत गेला.

१९८० साली माणिकबागेतल्या सामानाचा मोनॅकोत लिलाव झाला. आता त्यातला एखादा दिवा, एखादी खुर्ची कुठल्या तरी संग्रहालयात असते. २०१९ साली पॅरिसमध्ये मोठं प्रदर्शन भरलं, ते पाहून आलेल्या इंदूरच्या एका गृहस्थांनी मला सांगितलं, "आपल्या खुर्च्या तिकडे चांगल्या ठेवल्यात हो, पण दोरी बांधलीय, बसू देत नाहीत." माणिकबागेच्या इमारतीत केंद्र सरकारचं करवसुलीचं कार्यालय आलं. तिथे बसण्याची जागा हुद्द्यावरून ठरते. म्हणजे गादी परत आली.

आता हे सगळं आपल्याला कसं ठाऊक? देवासची जिलेबी, मुके पियानो, महाराजांचे टाळ हे फॉर्स्टरच्या पत्रांतून. तरुण राजा डार्लिंगच्या आठवणींतून. माणिकबागेची आतली खोली मुथेसिउसने काढलेल्या फोटोंतून. आमची माणसं बोलली भरपूर. लिहून ठेवलं ते पाहुण्यांनी. नाही म्हणायला आमच्याही घरोघरी जुनी पत्रं आहेत. मी काही पाहिली आहेत. 'येथील सर्व क्षेम, आपली खुशाली कळवावी' इथे सुरू होतात, मग दीड पान कुणाला आहेर कमी गेला त्यावर, आणि 'लोभ असावा' इथे संपतात. पण त्या दीड पानातही कधीमधी एखादी ओळ निसटलेली असते : आज सरकारस्वारीबरोबर एक गोरा होता, अनवाणी चालत होता, फार हसू आलं. अशी ओळ ज्या कागदावर असेल तो कागद रामबागेत, नारायण बागेत, देवासच्या एखाद्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत पडलेला असणार, बहुधा मोडीत, म्हणून कुणी वाचलेला नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी ट्रंक असेल त्यांना विनंती. फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून ती काढून टाकण्याआधी मोडी वाचता येणारं माणूस गाठा, एक रविवार त्याला घरी बोलवा, चांगल्या कपात चहा द्या आणि पहिला गठ्ठा सोडा. त्याचे आजोबा कोणत्या खात्यात होते ते नंतर विचारा.